ताट कुणाचे, जबाबदारी कुणाची?

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनानिमित्त देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक दिनाच्या कार्यक्रमात आहार या विषयावर चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. वर्षभरातील कामाचा आणि नव्या यंत्रसामग्रीचा आढावा आपण नुकताच ऐकला. त्यानंतर भाजी-भाकरीविषयी बोलणे काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार यांचा धागा मागे मागे नेला, तर तो पुष्कळदा स्वयंपाकघरापाशी आणि वाण्याच्या दुकानापाशी जाऊन पोहोचतो. म्हणून हा विषय रुग्णालयाच्या कामाचाच एक भाग आहे, असे मी मानतो.

रुग्णाला घरी सोडताना आपण त्याच्या हातात आहाराचा एक कागद देतो आणि म्हणतो, “आता पथ्य सांभाळणे तुमच्या हाती.” वैद्यकीय दृष्ट्या हे वाक्य चुकीचे नाही. पण ते पूर्ण न्यायाचे आहे का? तीन महिन्यांनी तोच रुग्ण वाढलेली रक्तशर्करा घेऊन परत येतो, तेव्हा आपण त्याला दोष देऊन मोकळे होतो. त्याच्या ताटात काय पडते, हे खरोखर त्याच्या किती हाती होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज मी आपल्यासमोर तोच प्रश्न मांडणार आहे.

शास्त्र काय सांगते?

आपल्या देशात आहाराची मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचे काम हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था करते. या संस्थेचा आरंभ १९१८ मध्ये दक्षिणेतील कुन्नूर येथे झाला. रॉबर्ट मॅककॅरिसन या वैद्यकाने बेरीबेरी या रोगाचा शोध घेण्यासाठी तेथे एक छोटे केंद्र उघडले होते. बेरीबेरी हा ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. म्हणजे या संस्थेचे पहिले काम अभावाशी झुंज देण्याचे होते. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

अभावाचा तो काळ आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी दारिद्र्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. त्यात त्यांनी माणशी दररोज २,२५० कॅलरी हे माप धरले होते. पोट भरते की नाही, हा त्या काळचा पहिला प्रश्न होता आणि तो योग्यच होता. आज तो प्रश्न संपलेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला आहे. पोट भरते, पण ते कशाने भरते?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी संस्थेने १९९८ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०११ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली आणि मे २०२४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मिळून सतरा तत्त्वांची नवी आवृत्ती प्रकाशित केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित आहे, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला.

रोगभार किती मोठा आहे, याची कल्पना दुसऱ्या एका पाहणीवरून येते. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. या सभागृहात बसलेल्या दर तिघांपैकी एकाचा रक्तदाब वाढलेला असण्याचा संभव आहे, असा याचा सरळ अर्थ.

आता नव्या तत्त्वांमधील ताट पाहू. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी ते असे आहे : धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम (सामिष खाणाऱ्यांना यातील काही भागाऐवजी अंडी, मासे वा मांस), भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-जवस यांसारख्या तेलबिया व सुकामेवा मिळून ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही सर्व वजने कच्च्या जिन्नसांची आहेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. साखर एकूण उष्मांकाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावयाची तर ती सुमारे २५ ग्रॅम होते.

या ताटाची आपल्या नेहमीच्या ताटाशी तुलना केली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. तत्त्वे सांगतात की धान्यांमधून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या वर नसावी. आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के असते. डाळी, अंडी, मासे, मांस यांतून सुमारे १४ टक्के ऊर्जा यावी, ती ६ ते ९ टक्केच येते. चपाती-भाताचा ढीग, त्याच्या कडेला चमचाभर भाजी आणि पातळ वरण, हे आपल्या अनेक घरांमधील ताटाचे रूप आहे. पोट त्याने भरते, पण शरीराची बांधणी त्याने होत नाही आणि रक्तशर्करा मात्र झपाट्याने वाढते.

ग्रॅमचे हिशेब आणि वाणसामानाची यादी

ग्रॅमचे हे आकडे ऐकून गृहिणींच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो मला ठाऊक आहे. स्वयंपाक करताना तराजू घेऊन कोणी बसत नाही आणि बसूही नये. पण आपल्या घराघरांत एक तराजू महिन्यातून एकदा चालतोच, तो म्हणजे वाण्याचा. म्हणून हेच आकडे मी चार प्रौढांच्या कुटुंबासाठी तीस दिवसांच्या यादीत बसवून पाहिले.

गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ मिळून ३० किलो. डाळी आणि कडधान्ये १० किलोंपेक्षा थोडी अधिक. तेल-तूप मिळून सव्वातीन किलो. साखर जास्तीत जास्त ३ किलो. मीठ ६०० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे. शेंगदाणे, तीळ वगैरे मिळून सुमारे ४ किलो. महिन्याला दूध ३६ लिटर, भाज्या ४८ किलो आणि फळे १२ किलो.

घरी गेल्यावर आपण गेल्या महिन्याची यादी या हिशेबाशेजारी ठेवून पाहावी, अशी माझी विनंती आहे. बहुतेक घरांत दोन फरक आढळतील. तेल व साखर या हिशेबापेक्षा अधिक आणि डाळी व भाज्या पुष्कळच कमी. नीती आयोगाच्या २०२४ मधील अहवालानुसार आपल्या देशात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोंवर पोहोचला आहे. दिवसाला २७ ग्रॅम या मापाने तो दहा किलोंच्या आत असावयास हवा. म्हणजे आपण जवळजवळ दुप्पट तेल वापरतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. यादीत दिसणारे तेल, मीठ व साखर हे सगळे नव्हे. बिस्किटे, खारी, टोस्ट, फरसाण, लोणचे, पापड, सॉस, बाटलीबंद पेये यांच्यातून येणारा वाटा वेगळा. सकाळच्या चहाबरोबर खारी खाणारा मनुष्य आपण तेलकट काही खाल्ले असे मानीत नाही. दुपारच्या लोणच्या-पापडातून किती मीठ पोटात गेले, याची नोंद कोणी ठेवीत नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि तळलेल्या पापड्या ज्या प्रमाणात खाल्ल्या जातात, ते पाहून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही आपल्या पूर्वजांची म्हण किती अचूक होती, हे पटते.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची. हे ताट निरोगी प्रौढ माणसासाठी आहे. मूत्रपिंडाच्या विकारात डाळी, फळे वा भाज्यांवरही मर्यादा घालावी लागते. गरोदर आणि स्तनदा मातांच्या गरजा वेगळ्या असतात. मधुमेहासाठी औषध वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करताना डॉक्टरांना विचारावे. सर्वसाधारण तत्त्वे ही वाटेवरील मैलाच्या दगडांसारखी असतात. कोणी कोणत्या वेगाने चालावे, ते ज्याचे त्याने वैद्याच्या सल्ल्याने ठरवावे.

एवढे झाले की व्यक्तीच्या जबाबदारीचा भाग स्पष्ट होतो, आणि तो लहान नाही. ज्याच्या घरी महिन्याची यादी स्वतःच्या मर्जीने करता येते, त्याने ती जाणीवपूर्वक करावी. रसाऐवजी अख्खे फळ खावे. मैद्याऐवजी भाकरी किंवा कोंड्यासहित कणकेची पोळी घ्यावी. पिळदार शरीरासाठी विकत मिळणाऱ्या प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असे नव्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. तरुण मुलांच्या पालकांनी ते लक्षात ठेवावे. सुस्थितीतील माणसाने “काय करणार, जिभेला आवरत नाही” असे म्हणत औषधाच्या गोळीवर सगळा भार टाकणे, हे स्वतःच्या कुटुंबावर अन्याय करणारे आहे. हे मी मऊ शब्दांत सांगणार नाही.

जेथे निवड नाही, तेथे दोष कुणाला?

पण सगळ्यांनाच यादी मर्जीने करता येत नाही. आपल्या धर्मादाय विभागात येणाऱ्या रुग्णांकडे पाहा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चार माणसांच्या घरात २० किलो. म्हणजे मघाच्या यादीतील ३० किलो धान्यांपैकी दोन-तृतीयांश भाग शिधापत्रिकेवर भागला. ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नये. परंतु दहा किलो डाळी, ४८ किलो भाज्या, १२ किलो फळे आणि ३६ लिटर दूध यांचे काय? त्या घराने ते बाजारभावाने विकत घ्यावयाचे आहे. रोजंदारीवरच्या कुटुंबाला आपण “भात कमी करा, उसळ वाढवा, रोज फळ खा” असे सांगतो, तेव्हा आपण त्याला मोफत मिळणारी वस्तू सोडून महाग वस्तू घेण्यास सांगत असतो. सल्ला बरोबर आहे, पण तो पाळता आला नाही तर त्यास बेजबाबदारपणा म्हणता येणार नाही.

दुसरी मर्यादा घराच्या आत असते. एकाच घरात एकाच चुलीवर शिजलेले अन्न सर्वांच्या ताटात सारखे पडत नाही. पुरुषांची आणि मुलांची जेवणे आटोपल्यावर पातेल्यात जे राहील त्यावर भागवणाऱ्या बायका आजही कमी नाहीत. भाजी संपलेली असते, मग भाकरी चटणीशी खाल्ली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. रक्तक्षयाला आहाराखेरीज इतरही कारणे असतात, पण शेवटी जेवण्याची ही रीत त्यात भर घालते. या स्त्रीला आहाराचे ज्ञान नाही असे नव्हे. पालेभाजीत लोह असते, हे तिला शाळेपासून ठाऊक आहे. ती भाजी तिच्यापर्यंत उरत नाही, एवढेच.

तिसरी मर्यादा तर आपल्या जन्माच्याही आधीची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके लहान आणि कृश होती. त्यांचे स्नायू कमी होते, पण त्या मानाने अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती. दिसावयास बारीक आणि आतून चरबीकडे झुकलेली अशी ही शरीररचना पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते, असा विचार या अभ्यासातून पुढे आला. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बालके आकाराने मोठी होती. नुसत्या एकूण कॅलरींशी असा संबंध आढळला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. चाळिसाव्या वर्षी मधुमेह झालेल्या माणसाच्या व्याधीचे एक मूळ त्याच्या आईला गरोदरपणी न मिळालेल्या पालेभाजीत असू शकते. त्या वेळी तो कोणतीही निवड करण्याच्या स्थितीत नव्हता. त्याची आईही बहुधा नव्हती. पुढच्या पिढीचे ताट आज कोणाच्या तरी ताटात वाढले जात आहे. ते वाढणारे हात सगळ्या घराचे आणि समाजाचे असतात.

चौथी मर्यादा बाजाराची. २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीत असे दिसले की खाण्यापिण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा आता पेये व तयार प्रक्रियायुक्त पदार्थांचा आहे. ग्रामीण भागात एकूण घरखर्चाच्या ९.८४ टक्के आणि शहरी भागात ११.०९ टक्के. पाच-दहा रुपयांच्या चमकदार पुड्या आता खेड्यातल्या टपरीवरही लटकलेल्या असतात. तेथे केळे वा उकडलेले अंडे मिळेलच असे नाही. पुडीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत मीठ-साखरेचे आकडे छापलेले असतात, पण ते वाचण्यास भिंग हवे आणि समजण्यास आहारशास्त्राची पदवी हवी.

इच्छाशक्तीला आधार हवा

मग उपाय काय? नुसत्या उपदेशाने आहार बदलत नाही, आणि नुसत्या सरकारी हुकमानेही नाही. दोन्ही एकत्र आले तर काय घडते, याचा एक दाखला फिनलंड देशात सापडतो. त्या देशाच्या पूर्व भागातील उत्तर करेलिया या प्रांतात १९६०-७० च्या सुमारास ऐन कर्त्या वयातील पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने दगावत. आहारात लोणी, सायीचे दूध आणि मीठ भरपूर, भाज्या नाममात्र, जोडीला धूम्रपान. लोकांनीच सरकारकडे मदतीची मागणी केली आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तेथे एक प्रकल्प सुरू झाला.

प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी दवाखान्यांत सल्ला दिला, पण ते तेथे थांबले नाहीत. गृहिणींच्या संघटनांनी गावोगाव एकत्र स्वयंपाक करून भाज्या घातलेले नवे पदार्थ लोकांना चाखावयास दिले. दुग्धव्यवसायाने कमी स्निग्धांशाचे दूध बाजारात आणले. मांसाचे पदार्थ करणाऱ्यांनी चरबी व मीठ कमी केले. त्या थंड प्रदेशात उगवणाऱ्या बोरवर्गीय फळांच्या लागवडीला उत्तेजन मिळाले. सुमारे साडेतीन दशकांनंतर तेथील कर्त्या वयातील पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले. त्या लोकांची इच्छाशक्ती आपल्याहून निराळी नव्हती. योग्य वस्तू त्यांच्या हाताशी आणली गेली होती.

आपल्या देशातही असे एक उदाहरण आहे. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हा स्निग्ध पदार्थ हृदयाला अत्यंत घातक. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याची तेल-तुपातील मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. हा बदल होताना कोणत्याही रुग्णाला संयम करावा लागला नाही, कोणाला वेष्टन वाचावे लागले नाही. नियम झाला आणि घास सुरक्षित झाला. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांची विक्री करू नये, असा नियमही २०२० मध्ये झाला. तो आपापल्या गावी कितपत पाळला जातो, हे पालकांनी शाळेबाहेर उभे राहून पाहावे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस ठळक इशारा असावा, यासाठी प्राधिकरणाने २०२२ मध्ये एक मसुदा प्रसिद्ध केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या विषयात लक्ष घातले. ज्या माणसाकडून आपण जबाबदारीची अपेक्षा करतो, त्याला निवड करण्यापुरती माहिती सोप्या रूपात मिळणे हा त्याचा हक्क आहे.

आपापला वाटा

श्रोतेहो, माझे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर, ज्याच्या हाती जितकी निवड, त्याच्यावर तितकी जबाबदारी. या मापाने पाहिले तर या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही येते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना माझे पहिले सांगणे असे की रुग्णासाठी वेगळे ‘पथ्याचे’ ताट करू नका. घरातील सर्वांनी वडे खावयाचे आणि मधुमेही आजोबांनी कोपऱ्यात बसून कारल्याची भाजी खावयाची, हे पथ्य आठ दिवसही टिकत नाही. पथ्याचे म्हणून जे सांगितले जाते, ते थोड्याफार फरकाने सगळ्यांच्याच हिताचे असते. म्हणून घराचे ताटच बदलावे. भाजीचा वाटा वाढवावा, वरण घट्ट करावे, मीठ-लोणच्याची बरणी ताटापासून दूर ठेवावी. दुसरे सांगणे, घरातील सर्व स्त्री-पुरुषांनी एकाच वेळी, एकत्र बसून जेवावे. यास एक पैसाही खर्च येत नाही. तिसरे, रुग्णाला भेटावयास येताना बिस्किटांचे पुडे आणि रसाची खोकी आणू नयेत. काही आणावेसे वाटलेच, तर परिचारिकेला विचारून एखादे ताजे फळ आणावे.

आम्हा वैद्यकीय व्यवसायातील मंडळींचाही वाटा आहे. आहाराचा कागद देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. घरी स्वयंपाक कोण करते? किराणा कोण भरते? महिन्याला त्यासाठी किती पैसे असतात? या उत्तरांवाचून लिहिलेला आहार हा दुसऱ्याच कोणाच्या तरी घरासाठी लिहिलेला असतो. ज्या रुग्णाला फळे परवडत नाहीत त्याला हंगामी पेरू, बोरे, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेली मटकी, भाजलेले शेंगदाणे असा मार्ग दाखवता येतो. आणि सल्ला पाळला गेला नाही, तर रागावण्याआधी कारण विचारावे.

विश्वस्त महोदयांना विनंती अशी की रुग्णालयाच्या स्वयंपाकघराकडे आणि उपाहारगृहाकडे उपचाराचाच एक कक्ष म्हणून पाहावे. वरच्या मजल्यावर हृदयविकाराचा सल्ला आणि तळमजल्यावर तळणीचा वास, ही विसंगती कोणत्याही रुग्णालयात शोभत नाही. चहात साखर वेगळी द्यावी, उपाहारगृहात उसळ, भाकरी, ताक व फळे माफक दरात मिळावीत, समारंभाच्या अल्पोपाहारातही हाच विचार असावा. नातेवाईक येथे दिवसेंदिवस राहतात. घरी नेण्यासारखी एखादी सवय त्यांना येथे लागली, तर तो मोठाच लाभ होईल.

देणगीदार बंधू-भगिनींच्या औदार्यावर ही संस्था उभी आहे. यंत्रावर नावाची पाटी लागते, डाळीच्या पोत्यावर लागत नाही, हे मी जाणतो. तरीही वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त मिठाई वाटण्याऐवजी गरजू गरोदर मातेच्या तीन महिन्यांच्या डाळी, दूध आणि पालेभाजीचा भार कोणी उचलला, तर पुण्याच्या त्या खेड्यांनी आपल्याला जे शिकवले, ते कृतीत उतरेल. अशा देणगीचे फळ दोन पिढ्यांना मिळते. आहारतज्ज्ञाला प्रत्येक रुग्णाशी निवांत बोलता यावे, यासाठी दिलेली देणगीही तितक्याच मोलाची आहे.

आणि नागरिक या नात्याने आपण सर्वांनी शिधावाटपात डाळींचा समावेश, अंगणवाडीतील पोषक आहार आणि वेष्टनावरील स्पष्ट इशारे यांचा आग्रह धरावा. या मागण्या कोणत्याही पक्षाच्या नाहीत. त्या ताटाच्या आहेत.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ताटात काय असावे, ते सांगितले आहे. ते प्रत्येकाच्या ताटापर्यंत पोहोचवण्याचे काम आपले आहे. पुढील वर्षी याच दिवशी आढावा घेताना खाटांच्या आणि शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर, किती घरांची वाणसामानाची यादी बदलली, अशीही एक नोंद अहवालात यावी, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.